रंगाचे नाव आणि कापडाचा तुकडा

ईद जवळ आली किंवा घरात निकाह ठरला, की हल्ली निम्मी खरेदी मोबाईलवर होते. हिंगोली, वसमत, कळमनुरी असो, की सेनगाव-औंढ्याकडचे एखादे लहान गाव असो, पार्सल दारात येते. कपड्याचा फोटो दिसतो, किंमत दिसते, माप दिसते आणि रंगाच्या जागी एक शब्द लिहिलेला असतो. ‘टील’, ‘टॉप’, ‘मॉव्ह’, ‘रस्ट’, ‘मस्टर्ड’, ‘मोका’, ‘ओनियन पिंक’. मुलगी तो वाचून दाखवते. अम्मी विचारतात, “अगं, पण म्हणजे कोणता?” मुलगी म्हणते, “फोटोत दिसतोय ना, तसाच.” चार दिवसांनी पार्सल उघडते आणि कुर्त्यावर दुपट्टा जुळत नाही. सणाला दोन दिवस राहिलेले असतात. परत पाठवायला वेळ नसतो. आठशे-हजार रुपये कपाटात घडी घालून ठेवले जातात.

वाचक भगिनींकडून अशा रंगांविषयी बरेचदा विचारणा होते. म्हणून या महिन्यात या नावांचा थोडा उलगडा करू. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे सोपे होते. लाल, पिवळा, काळा, पांढरा, हिरवा, निळा असे मोजके शब्द सोडले, तर रंगाचे जवळजवळ प्रत्येक नाव हे कोणत्या तरी वस्तूचे नाव असते. ती वस्तू आपण पाहिलेली असेल तर रंग कळतो, पाहिलेली नसेल तर कळत नाही.

आपल्या घरातलेच रंग घ्या. गुलाबी गुलाबाचा, जांभळा जांभळाचा, नारिंगी नारिंगाचा, बदामी बदामाचा, डाळिंबी डाळिंबाचा, पोपटी पोपटाचा, शेवाळी शेवाळाचा. तपकिरी हा शब्द ओढायच्या तपकिरीवरून आला. राखाडी राखेवरून, आमसुली आमसुलावरून, अबोली अबोलीच्या फुलावरून. उर्दूतही तीच रीत आहे. प्याजी म्हणजे कांद्याच्या सालीचा फिका गुलाबी, कत्थई म्हणजे काताचा, सुरमई म्हणजे सुरम्याचा, उन्नाबी म्हणजे उन्नाबाच्या फळासारखा गडद लाल, फाख्तई म्हणजे फाख्ता पक्ष्याच्या पिसांचा करडा-तपकिरी, मोतिया म्हणजे मोत्यासारखा किंचित पिवळसर पांढरा. हे शब्द तयार करणाऱ्यांनी कोणताही ग्रंथ उघडला नव्हता. स्वयंपाकघर, शेत, अंगण आणि बाजार यांतून जे हाताला लागले त्यावरून त्यांनी रंग ओळखले.

इंग्रजी नावांचीही घडण अशीच आहे. फक्त वस्तू त्यांच्या अंगणातल्या आहेत. ‘टॉप’ हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ जमीन उकरणारा तीळ नावाचा... नव्हे, आपल्याकडच्या चिचुंद्रीची आठवण करून देणारा एक लहान मऊ प्राणी. त्याच्या अंगाचा करडा-तपकिरी रंग तो ‘टॉप’. आपल्याकडे त्याला अगदी जवळचा शब्द आधीपासून आहे, फाख्तई. ‘टील’ हे एका लहान बदकाचे नाव आहे. ही बदके थंडीत आपल्याकडच्या तलावांवरही येतात. नराच्या डोळ्याजवळ जो निळसर हिरवा पट्टा असतो, त्यावरून तो रंग. कापड दुकानात याला ‘रामा ग्रीन’ म्हणतात तो किंवा गडद मोरपंखी याच्या जवळ जातो. ‘रस्ट’ म्हणजे लोखंडावरचा गंज. शेतकरी घरातल्यांना तांबेरा म्हटले की लगेच डोळ्यांसमोर येईल, कारण पिकावर पडणाऱ्या रोगालाही इंग्रजीत तेच नाव आहे आणि मराठीतले नावही रंगावरूनच पडले आहे. ‘ओनियन पिंक’ म्हणजे तर आपला प्याजी, शब्दाला शब्द. ‘आयव्हरी’ म्हणजे हस्तिदंती, ‘कोरल’ म्हणजे पोवळे. पोवळ्याला अरबीत मरजान म्हणतात आणि सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर त्याचा उल्लेख आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पण मोबाईलवर ‘कोरल’ वाचताना ते आठवत नाही.

काही नावे तर आपल्याच दारातून निघून परदेशी फिरून परत आली आहेत. ‘खाकी’ हा फारसी-उर्दूतल्या ‘खाक’ म्हणजे धूळ या शब्दावरून आला. १८४६ साली पेशावरला इंग्रजांनी ‘कोअर ऑफ गाइड्स’ नावाची पलटण उभारली. तिच्या शिपायांना धुळीत मिसळून जाईल असा पोशाख दिला गेला आणि तो शब्द पुढे जगभर पोहोचला. ‘अ‍ॅझ्युअर’ म्हणजे आकाशी निळा. त्याचे मूळ आहे ‘लाजवर्द’, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून निघणारा निळा दगड. युरोपात जाताना शब्दाचा सुरुवातीचा ‘ल’ गळाला. ‘क्रिम्झन’ म्हणजे आपला किरमिजी. दोन्हींचे मूळ अरबी ‘किरमिझ’ या शब्दात आहे. किरमिझ हा एक किडा आणि त्याच्यापासून लाल रंग काढत. ‘लायलक’ या फिक्या जांभळ्याच्या मुळाशी फारसीतला ‘निळसर’ या अर्थाचा शब्द आहे. ‘सॅफ्रन’ म्हणजे जाफरान. ‘इंडिगो’चा अर्थच मुळी ‘हिंदुस्थानातला’ असा आहे, म्हणजे आपली नीळ. हिजाबच्या दुकानात ‘मोका’ नावाचा तपकिरी मिळतो. तो येमेनच्या मोखा या बंदराचा. कॉफी तिथून जहाजात चढायची. आणि ‘टर्क्वाइज’ म्हणजे फिरोजी. फिरोजा इराणातल्या निशापूरचा प्रसिद्ध, पण युरोपातल्या लोकांकडे तो तुर्कांच्या मुलखातून गेला, म्हणून त्यांनी त्याला ‘तुर्की दगड’ म्हटले.

ही यादी पाठ करण्यासाठी दिलेली नाही. आपल्या मुली ‘फिरोजी’ म्हणायला लाजतात आणि ‘टर्क्वाइज’ म्हणताना त्यांना शिकल्यासारखे वाटते, म्हणून दिली आहे. घरात नानी ‘उन्नाबी’ म्हणाल्या तर नातवंडे हसतात. वास्तविक नानींचा शब्द जास्त नेमका असतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती, गावाची भाषा मराठी होती आणि कापडाच्या दुकानात दोन्ही चालत. त्यामुळे इथल्या जुन्या बायकांकडे रंगांची दुहेरी शिदोरी आहे. एकाच रंगाला त्या आकाशी म्हणतील आणि आसमानीही म्हणतील, जांभळा म्हणतील आणि जामुनीही. मराठीत तर दोन्ही भाषा एका शब्दात नांदतात. ‘पिवळाजर्द’ हा शब्द पाहा. ‘जर्द’ म्हणजे फारसीत पिवळाच.

आता काही भगिनी ‘वाइन’ या रंगाबद्दल विचारतात. कपडा आवडला, पण नाव दारूचे आहे, मग घ्यावा की नाही? कपड्यात दारू नाही, तो फक्त एक गडद जांभळट लाल रंग आहे. ‘बर्गंडी’ हेही तसेच, फ्रान्समधल्या द्राक्षांच्या एका प्रदेशाचे नाव. जिभेवर तो शब्द नको वाटत असेल तर उन्नाबी म्हणा, गडद डाळिंबी म्हणा. उलट कपड्याचे वर्णन त्याने जास्त स्पष्ट होईल.

काही नावांमागे मात्र वस्तू नसून एखादी घटना असते. ‘मॅजेंटा’ हे इटलीतल्या एका गावाचे नाव. तिथे १८५९ साली लढाई झाली. त्याच सुमारास एक नवा झगझगीत रंग बाजारात आला होता, त्याला त्या लढाईचे नाव दिले गेले. आपल्या दुकानांतल्या ‘राणी’ रंगाच्या तो जवळ आहे. ‘नेव्ही ब्लू’ इंग्रजांच्या आरमारी अधिकाऱ्यांच्या गणवेशाचा, तो गणवेश १७४८ मध्ये ठरला. ‘मॉव्ह’ची गोष्ट तर शाळेत सांगावी अशी आहे. लंडनमध्ये १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचे क्विनाइन प्रयोगशाळेत बनवण्याचा प्रयत्न करीत होता. औषध झाले नाही, पण भांड्यात जांभळा रंग उतरला. रसायनापासून बनवून मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला तो पहिला रंग. पुढे त्याला एका फुलाच्या फ्रेंच नावावरून ‘मॉव्ह’ म्हणू लागले. या रासायनिक रंगांच्या लाटेत पुढे नीळ पिकवणारी शेती मागे पडली आणि घरगुती भट्ट्यांवर रंगवणाऱ्या आपल्या रंगरेजांचे कामही आटले. रंगरेज होता तेव्हा ग्राहक त्याच्या समोर बसून “अजून एक बुडी द्या, थोडा गडद हवा” असे सांगू शकत होता. आता सांगायला समोर कोणी नाही, म्हणून सारा भार नावावर आला आहे.

आणि नाव हा भार पुरता पेलू शकत नाही. वस्तू ओळखीची असली तरी फसगत होऊ शकते. आपल्या जिल्ह्याइतके हे कोणाला कळणार? वसमतची हळद सगळीकडे ओळखली जाते. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आता मोबाईलवर ‘हल्दी यलो’ असे लिहिलेले असते. कोणती हळद? जमिनीतून काढलेला ओला कंद मोडला तर आतून नारिंगी दिसतो. शिजवून वाळवलेले हळकुंड वरून मळकट, पॉलिश केल्यावर पिवळे. दळलेली पूड आणखी वेगळी. त्याच हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो आणि उन्हात फिका पडतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. मोंढ्यात हळद विकणारा शेतकरी नुसत्या ‘हळदी’ या शब्दावर कोणताही सौदा करणार नाही. तो हळकुंड मोडून दाखवतो.

मेहंदीचे तसेच. कापडात ‘मेहंदी कलर’ म्हटले की पानांचा मातकट हिरवा समजतात. केसांच्या संदर्भात तोच शब्द आला की लालसर तपकिरी. एकीकडे भिजवलेली मेहंदी, दुसरीकडे रंगलेली मेहंदी. ‘मस्टर्ड’ वाचून मराठी माणसाला मोहरी आठवते आणि आपल्या डब्यातली मोहरी तर काळी-तपकिरी. शेतातले मोहरीचे फूल आठवले तर झळझळीत पिवळे. ‘मस्टर्ड’ यातले काहीच नाही. मोहरी वाटून जी चटणी बाटलीत मिळते, तिचा मंद, दाट पिवळा तो मस्टर्ड. उर्दूतला ‘कपासी’ हा रंग शहरातल्या मुलीला पांढरा वाटेल. पण कापसाचे शेत पाहिलेल्याला ठाऊक असते की कपाशीचे फूल उमलताना फिके पिवळे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. कपासी हा त्या पहिल्या दिवसाच्या फुलाचा फिका पिवळा. उर्दूत ‘ऊदा’ म्हटले तर जांभळट आणि मराठीत ‘उदी’ म्हटले तर तपकिरी-राखी. आईने एक समजून सांगितले आणि सुनेने दुसरे समजून मागवले, असे एकाच घरात होऊ शकते.

आणखी एक गोष्ट नाव सांगत नाही, ती म्हणजे रंगाची तीव्रता. मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. आपण ‘फार पिवळा’ म्हणत नाही, पिवळाधमक म्हणतो. हिरवागार, लालभडक, निळाशार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र. प्रत्येक रंगाला त्याचा स्वतःचा जोडीदार. धमक हिरव्याला लागत नाही आणि गार पिवळ्याला लागत नाही. शिवाय त्यातही भेद आहेत. लालचुटुक ओठ, लालबुंद डोळे. पांढराशुभ्र म्हटले तर स्वच्छ, पांढराफटक म्हटले तर रक्त उतरलेला. अरबी भाषेतही हुबेहूब अशीच पद्धत आहे. पिवळ्याला ‘फाकिअ’, काळ्याला ‘हालिक’, लालला ‘कानिअ’, पांढऱ्याला ‘नासिअ’ असे वेगवेगळे जोड आहेत. सूरह बकरामध्ये बनी इस्राईलने गायीविषयी पुन्हा पुन्हा विचारणा केली, तिचा रंग कोणता हेही विचारले. तेव्हा उत्तरात नुसते ‘पिवळी’ आले नाही. पिवळ्याचा तोच खास जोड, ‘फाकिअ’, तिथे आला आणि पाहणाऱ्यांना आनंद वाटेल अशी, हेही सांगितले गेले. मराठीत आपण त्याला पिवळीधमक म्हणू. मराठी बोलणाऱ्या मुलाला ही आयत समजावताना हा शब्द वापरून पाहा, एका क्षणात समजेल.

मोबाईलवरच्या वर्णनात हा जोड नसतो. ‘यलो’ एवढेच. मग तो धमक आहे की फिकट, हे फोटोवरून ठरवावे लागते आणि फोटोवर विसंबणे कठीण. एकच फोटो दोन फोनवर दोन तऱ्हेचा दिसतो. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोनमध्ये जी पिवळसर झाक चालू केलेली असते, तिने पांढरा मोतिया होतो आणि आकाशी हिरवट होतो. स्टुडिओतल्या प्रखर दिव्यांत कपडा उजळ दिसतो. तोच रंग सुती कापडावर मंद आणि सॅटिनवर चमकदार दिसतो. धूपछाँव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, मग नाव कोणते द्यायचे? ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन कपडे उन्हात वेगळे दिसतात, हा अनुभव तर सर्वांचाच.

ही अडचण व्यापाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून छपाई आणि कापडाच्या धंद्यात नावाऐवजी क्रमांक चालतो. अमेरिकेतल्या पँटोन कंपनीने १९६३ मध्ये रंगांना क्रमांक देऊन त्यांची नमुना-कार्डे बनवली, ती आज जगभर वापरतात. इतके दूर जायलाही नको. आपल्या गावातल्या मॅचिंग सेंटरमध्ये जा. अस्तर, फॉल, दोरा घ्यायला गेलात आणि तोंडाने “मोरपंखी द्या” म्हणालात, तर दुकानदार डबा काढणार नाही. तो म्हणेल, “तुकडा दाखवा.” मग तो तुकडा घेऊन दुकानाच्या दाराशी, उजेडात जाईल आणि दोऱ्याची रिळे त्यावर ठेवून पाहील. पन्नास वर्षांच्या धंद्याचे शहाणपण त्या दोन शब्दांत आहे. नावाने बोलणे सुरू करावे, सौदा तुकड्यावर करावा.

दीनही हेच शिकवतो. सहीह मुस्लिममधली हदीस सर्वांनी ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला. आत ओल लागली. विक्रेत्याला विचारले, तेव्हा पाऊस लागल्याचे त्याने सांगितले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे आप (स.) म्हणाले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. त्या माणसाने धान्याविषयी खोटे काही सांगितले नव्हते. फक्त जे दिसायला हवे ते खाली ठेवले होते. फोटो उजळवून रंग बदलणे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रंगात थोडा फरक असू शकतो’ असे लिहिणे, याकडेही याच नजरेने पाहायला हवे. आपल्या अनेक भगिनी आता घरातून कुर्ते, बुरखे, स्कार्फ विकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. त्यांच्यासाठी ही हदीस अधिक महत्त्वाची. उन्हात काढलेला एक साधा फोटो टाका, रंगाचे नाव घरगुती शब्दात लिहा आणि सोबत ओळखीची एखादी वस्तू ठेवा. ‘कच्च्या कैरीसारखा हिरवा’ हे वाक्य दहा इंग्रजी नावांपेक्षा जास्त गिऱ्हाईक टिकवून ठेवील.

घेणाऱ्याचा हक्कही स्पष्ट आहे. हनफी फिकहमध्ये त्याला ‘खियार-ए-रूयत’ म्हणतात. वस्तू न पाहता घेतली, तर प्रत्यक्ष पाहिल्यावर ती ठेवायची की सौदा मोडायचा, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाला राहतो. एखाद्या विशिष्ट व्यवहाराविषयी शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. देशाचा कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वर्णन आणि चित्रे प्रत्यक्ष वस्तूशी जुळणारी असली पाहिजेत आणि जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र हा हक्क कपडा वापरून, धुऊन, लेबल काढून झाल्यावर बजावायचा नसतो. तसे करणे हीसुद्धा एक फसवणूकच आहे.

म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी कराव्यात. नाव वाचून त्यामागची वस्तू कोणती, हे शोधावे. फोनची पिवळी झाक बंद करून दिवसा फोटो पाहावा. कंपनीच्या फोटोऐवजी आधी घेतलेल्या ग्राहकांनी घरी काढलेले फोटो पाहावेत, कारण ते स्टुडिओतले नसतात. आणि ज्याच्याशी जुळवायचे आहे असा कपडा असेल, तर ती खरेदी मोबाईलवर न करता तुकडा घेऊन बाजारात जावे. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा आणि कपडा आधी उजेडात नेऊन पाहावा. सणाची खरेदी किमान पंधरा दिवस आधी केली तर परत पाठवायला वेळ राहतो.

शेवटी एका नावाबद्दल. ते घरात येऊच देऊ नये असे वाटते. ‘स्किन कलर’. लेगिंग्ज, मोजे, स्कार्फखालची टोपी, सगळ्यांवर हे नाव असते. आतून निघतो तो एकच फिका गुलाबट पिवळा. कोणाची त्वचा? शाळेत रंगपेटी उघडली की मुले एका खडूला ‘चामडीचा रंग’ म्हणतात आणि स्वतःचा हात गव्हाळ किंवा सावळा असला तरी चित्रातल्या माणसाला तोच खडू फासतात. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या पेटीतही एका खडूचे नाव ‘त्वचा’ या अर्थाचे होते. १९६२ मध्ये त्यांनी ते बदलून ‘पीच’ केले. ‘इंडियन रेड’ नावाचा खडूही होता. ते नाव हिंदुस्थानात मिळणाऱ्या तांबड्या मातीवरून आले होते, पण मुलांना ते माणसांच्या कातडीचे वाटू लागले, म्हणून १९९९ मध्ये तेही बदलले. एका रंगाला ‘त्वचा’ म्हटले की बाकीच्या सगळ्या त्वचा आपोआप चुकीच्या ठरतात. हेच पुढे लग्नाच्या बायोडाटापर्यंत जाते. ‘रंग : गोरा’, ‘रंग : निमगोरा’. जणू मुलगी नसून कापडाचा तागा आहे आणि शेड-कार्डावरून निवडायचा आहे. किती आयांनी सावळ्या मुलीचा फोटो उजळवून पाठवला असेल आणि पाहुणे घरी आल्यावर त्या मुलीने मान खाली घातली असेल. सूरह रूममध्ये अल्लाहतआलाने आपल्या निशाण्या सांगताना माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण एकाच आयतीत सांगितले आहे. आणि अखेरच्या हजच्या खुतब्यात प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व तकव्यामुळे. मुलींच्या बायोडाटातून रंगाचा रकाना काढून टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी मुलांना खडू देताना त्यांना आपापला हात कागदावर ठेवायला सांगा आणि पेटीतला जुळणारा खडू शोधू द्या. प्रत्येकाला वेगळा सापडेल.

या सुट्टीत घरातल्या मुलींसाठी एक काम सुचवते. एक जाड वही घ्या. शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांचे बोटभर तुकडे कापा आणि प्रत्येक पानावर एक चिकटवा. खाली तीन ओळी लिहा : नानी त्याला काय म्हणतात, शेजारच्या मावशी काय म्हणतात आणि मोबाईलवर त्याला काय म्हणतात. प्याजी, कांद्याच्या सालीचा, ओनियन पिंक. फिरोजी, फिरोजी, टर्क्वाइज. काही ठिकाणी तिन्ही रकाने भरतील, काही ठिकाणी एखादा रिकामा राहील. रिकाम्या जागेसाठी मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्कर दादींकडे जा आणि तुकडा त्यांच्या हातात द्या. त्या आधी तो उजेडाकडे धरतील, मग नाव सांगतील. ते लगेच लिहून घ्या.